दहापैकी नऊ गुण आणि ०.६७ मीटर दोरी : सहावीच्या एका वर्गातील मूल्यमापनाचे प्रकरण

हे प्रकरण शिक्षकांच्या चर्चेसाठी रचले आहे. त्यातील वर्ग कोणत्याही एका शाळेचा नाही आणि मुलांच्या संख्या त्या कल्पिलेल्या वर्गापुरत्याच आहेत. मुलांच्या चुका आणि त्यांमागचा विचार मात्र दशांश अपूर्णांक शिकवणाऱ्या बहुतेक शिक्षकांच्या ओळखीचा असेल.

पश्चिम महाराष्ट्रात ऊस आणि दूध यांवर चालणाऱ्या एका गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे. सहावीच्या पटावर ३१ मुले आहेत. गणिताच्या शिक्षिका अनुभवी असून त्यांचे शिकवणे नीटनेटके आणि वह्यांची तपासणी वेळेवर असते. दशांश अपूर्णांकांची ओळख मुलांना पाचवीत झालेली होती. सहावीत तो घटक पुन्हा शिकवून झाल्यावर शिक्षिकांनी आधी न सांगता दहा गुणांची छोटी लेखी चाचणी घेतली. बहुतेकांना आठ किंवा नऊ गुण मिळाले, ते नोंदवहीतील ‘चाचणी’च्या रकान्यात चढले आणि वर्ग पुढच्या पाठाकडे वळला.

या रकान्यामागची व्यवस्था थोडक्यात सांगायला हवी. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. मुलाला ज्ञानाचे आकलन किती झाले आहे आणि ते ज्ञान त्याला वापरता येते का, याचे सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन व्हावे, अशी अपेक्षा त्याच्या कलम २९ मध्ये आहे. त्याला अनुसरून महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने मूल्यमापनाचे आकारिक (शिकणे चालू असताना होणारे) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारे) असे दोन भाग झाले. आकारिक भागाचा भार पहिली-दुसरीला ७० टक्के, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५० आणि सातवी-आठवीला ४० टक्के ठरला. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य आणि इतर अशी आठ साधनतंत्रे त्यासाठी सांगितली गेली. या रचनेवर जेवढी टीका होते तेवढी ती वाईट नाही. शिकणे चालू असतानाच ते पाहावे आणि जे दिसेल त्याप्रमाणे शिकवणे बदलावे, हा तिचा मूळ हेतू आहे. प्रत्यक्षात साधनतंत्रांच्या वाट्याला गुणांचे रकाने आले, रकाने मुदतीत भरावे लागले आणि भरलेला रकाना म्हणजेच मूल्यमापन, असा समज हळूहळू रुजला. वर्णनात्मक नोंदींसाठी तयार वाक्यांचे संच मोबाइलवर फिरू लागले, आणि ‘गणितातील संबोध स्पष्ट आहेत’ हे वाक्य किती मुलांच्या नावापुढे उतरले असेल याचा अंदाज कोणत्याही केंद्रप्रमुखाला सहज करता येईल.

चाचणीनंतर काही दिवसांनी शिक्षिकांनी वर्गात एक शाब्दिक उदाहरण दिले: ‘दोरीचा एक तुकडा ०.८ मीटर आणि दुसरा ०.७५ मीटर आहे, तर दोन्हींच्या लांबीत किती फरक आहे?’ मुले वहीत उदाहरण सोडवत असताना त्या बाकांमधून फिरत होत्या. चाचणीत नऊ गुण मिळवलेल्या एका मुलीने ०.७५ वर लिहिले होते, त्याखाली ०.८ अशा रीतीने मांडले होते की आठ नेमका पाचाखाली आला होता, आणि उत्तर काढले होते ०.६७ मीटर. दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह आलेले नाही, म्हणजे ही मांडणीची चूक, असे पाहताक्षणी वाटते. लाल पेनाने रेघ मारून ‘मांडणी नीट कर’ असा शेरा देऊन पुढे जाणे अगदी स्वाभाविक होते. शिक्षिकांनी मात्र विचारले, “तू ०.७५ वर का लिहिलंस?”

“मॅडम, मोठ्यातून लहान वजा करायचं ना? पंच्याहत्तर मोठे आहेत आठापेक्षा.”

मुलीच्या दृष्टीने मांडणी चोख होती. दशांश चिन्हाच्या उजवीकडची संख्या तिने पूर्ण संख्येसारखीच वाचली होती, पंच्याहत्तरातून आठ वजा केले होते आणि सदुसष्ट हे वजाबाकीचे बरोबर उत्तर काढून त्याच्या मागे शून्य आणि चिन्ह लावले होते. आलेल्या उत्तराप्रमाणे पाऊण मीटरच्या आसपासच्या दोन तुकड्यांत पाऊण मीटरला जेमतेम आठ सेंटिमीटर कमी एवढा फरक पडत होता, याकडे तिचे लक्ष गेले नाही. कारण त्या आकड्यांचा खऱ्याखुऱ्या दोरीशी संबंध जुळलेलाच नव्हता.

तर मग नऊ गुण आले कुठून? मधल्या सुट्टीत शिक्षिकांनी चाचणीचा कागद पुन्हा काढला, आणि या प्रकरणात सर्वांत शिकण्यासारखे काही असेल तर ते त्या कागदावर होते. लहान-मोठेपणा ठरवण्याच्या प्रश्नांत ३.४५ आणि ३.५४, १२.६ आणि १२.९, ०.०७ आणि ०.७० अशा जोड्या होत्या. बेरजेत ७.२५ आणि १.४० होते, वजाबाकीत ९.८ आणि ४.३. प्रत्येक ठिकाणी दोन्ही संख्यांत चिन्हापुढच्या अंकांची संख्या सारखीच होती. असे असले की दशांश चिन्ह नजरेआड करून पूर्ण संख्यांप्रमाणे काम केले तरी प्रत्येक उत्तर बरोबर येते. चिन्ह शेवटी जागेवर ठेवले की पूर्ण गुण मिळतात. चाचणी निष्काळजीपणे काढलेली नव्हती. स्वाध्यायातील उदाहरणांच्या धर्तीवर, सोप्याकडून कठीणाकडे अशी ती नेटकी रचलेली होती. ती फक्त योग्य विचार करणारे मूल आणि चुकीचा विचार करणारे मूल यांना वेगळे करू शकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तासाच्या शेवटी शिक्षिकांनी प्रत्येकाला वहीचा पाव कागद दिला आणि फळ्यावर चार जोड्या लिहिल्या: ०.८ आणि ०.७५, ०.६२ आणि ०.३, ४.६३ आणि ४.८, २.५ आणि २.५०. मोठ्या संख्येला गोल करायचा, समान असतील तर तसे लिहायचे, आणि कोणत्याही एका जोडीबद्दल ‘मला असे का वाटते’ हे एका वाक्यात लिहायचे. चिठ्ठीवर गुण मिळणार नाहीत, हे त्यांनी आधीच सांगितले.

या चार जोड्यांची निवड नीट पाहण्यासारखी आहे. ‘जास्त अंक म्हणजे मोठी संख्या’ असे मानणारे मूल पहिल्या आणि तिसऱ्या जोडीत चुकते, दुसऱ्या जोडीत मात्र चुकीच्या कारणाने बरोबर ठरते. याच्या उलट गैरसमजही असतो: शतांश हे दशांशापेक्षा लहान, म्हणून ज्या संख्येत शतांश आले ती लहानच, असे मानणारे मूल पहिली आणि तिसरी जोडी बरोबर सोडवते आणि दुसरीत ०.३ ला गोल करते. केवळ पहिली जोडी विचारली असती तर या दुसऱ्या प्रकारच्या मुलांना ‘येते’ म्हणून बाजूला काढले गेले असते. शेवटच्या जोडीत दोन्ही गैरसमज आपापल्या बाजूने उघडे पडतात. एका बरोबर उत्तरावरून मुलाच्या विचाराबद्दल फारसे कळत नाही. उत्तरांचा क्रम पाहिला की बरेच कळते.

त्या दिवशी २९ मुले हजर होती. शिक्षिकांनी चिठ्ठ्या तपासल्या नाहीत, टेबलावर त्यांचे ढीग केले. अकरा चिठ्ठ्या पहिल्या गैरसमजाच्या ढिगात गेल्या, पाच दुसऱ्या, आठ चिठ्ठ्यांत सर्व उत्तरे बरोबर होती आणि उरलेल्या पाचांत कोणताच क्रम लागत नव्हता. हे करायला मधली सुट्टीसुद्धा पूर्ण लागली नाही. ३१ चाचण्यांना गुण देऊन बेरीज करण्यापेक्षा वेळ निश्चितच कमी लागला. मूल्यमापनासाठी वेळ मिळत नाही, ही शिक्षकांची तक्रार खरी आहे, पण वेळ बहुधा गुण मोजण्यात आणि ते उतरवून घेण्यात जातो.

मुलांनी लिहिलेल्या कारणांत त्यांचे गाव दिसत होते. एकाने लिहिले होते, ‘डेअरीत ३.९ पेक्षा ४.२ फॅटला जास्त भाव मिळतो.’ उदाहरण बरोबर होते, पण दुधाच्या पावतीवर फॅट नेहमी चिन्हापुढे एकाच अंकात आणि रक्कम नेहमी दोन अंकांत छापलेली असते. म्हणजे या मुलांना घरी रोज भेटणाऱ्या दशांश संख्या चाचणीतल्यासारख्याच सारख्या लांबीच्या होत्या आणि त्यांचा गैरसमज व्यवहारात कधी अडलाच नव्हता. दुसऱ्या एका चिठ्ठीत क्रिकेट होते. एकोणीस षटके आणि तीन चेंडू झाले की धावफलकावर १९.३ दिसते, म्हणजे तेथे ‘पॉइंट तीन’ हे अर्धे षटक असते. ज्या मुलाने दशांश चिन्ह प्रथम धावफलकावर पाहिले, त्याच्या दृष्टीने ते दोन वेगळ्या मोजमापांमधली खूण असते: डावीकडे षटके, उजवीकडे चेंडू. रुपये आणि पैसे यांबाबतही मूल हेच करते. असे मूल ०.७५ ला ‘शून्य आणि पंच्याहत्तर’ म्हणून वाचते, याला अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल.

यानंतर शिक्षिकांनी घेतलेला पहिला निर्णय मात्र मला पटत नाही. त्यांनी पैशांचे उदाहरण पुढे केले: ०.८ रुपये म्हणजे ऐंशी पैसे आणि ०.७५ म्हणजे पंच्याहत्तर. वर्गात लगेच माना डोलल्या. एक मुलगा उत्साहाने म्हणाला, “मॅडम, आठाला शून्य लावलं की ऐंशी, मग ऐंशी मोठं!” उत्तरे सुधारली, पण विचार होता तिथेच राहिला, मुलांनी आता शून्य लावून दोन्ही बाजूंना पूर्ण संख्या तयार करायला सुरुवात केली होती. शून्य जोडून अंक सारखे करण्याची युक्ती चुकीची नाही आणि पाठ्यपुस्तकी गणितात ती हवीच. मात्र शून्य जोडल्याने संख्या बदलत का नाही, हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या हाती एक नियम फक्त वाढतो. शिक्षिकांच्या हे लक्षात आले ते त्यांच्या पुढच्या प्रश्नामुळे. ज्या आठ मुलांची सर्व उत्तरे बरोबर होती त्यांच्यासह सर्वांना त्यांनी विचारले, “०.८ आणि ०.९ यांच्या मध्ये एखादी संख्या आहे का?” त्या आठांपैकी पाच जणांनी ‘नाही’ म्हटले.

हा प्रश्न विचारण्याची रीतही सांगण्यासारखी आहे. ‘समजलं का?’ असे विचारले की ‘होऽ’ हे उत्तर ठरलेले असते, आणि हात वर करणाऱ्यांना विचारले की तीच चार मुले बोलतात. शिक्षिकांनी सर्वांना पाटीवर उत्तर लिहायला सांगितले, तोपर्यंत कोणी बोलायचे नाही असे बजावले आणि मग एकाच वेळी पाट्या वर करायला लावल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात आणि ते थांबणे तीन सेकंदांपर्यंत नेले तरी मुलांची उत्तरे लांब आणि अधिक विचारपूर्वक होतात, असे अमेरिकेतील मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणांवरून दाखवले होते. पाटीमुळे ही सक्तीची शांतता आपोआप मिळते, शिवाय शेवटच्या बाकावरचे उत्तरही दिसते.

पुढच्या दोन तासिकांत पैसे आणि सेंटिमीटर बाजूला ठेवले गेले. प्रत्येक जोडीला कागदाची एक लांब पट्टी दिली गेली. पट्टी म्हणजे एक. तिचे दहा समान भाग केले, आणि मग आठव्या व नवव्या खुणांमधल्या एकाच भागाचे पुन्हा दहा भाग करायचे होते. हे काम गोंधळाचे असते, मुलांचे भाग समान होत नाहीत, आणि शिक्षिकांना त्यासाठी दहा बाय दहा चौकटींचा कागदही वापरावा लागला. पण ज्या क्षणी मुलांना ०.८ च्या खुणेवरच ०.८० लिहावे लागले आणि ०.७५ साठी खुणेच्या अलीकडे जावे लागले, त्या क्षणी वाद सुरू झाले. शिक्षिका वही घेऊन फिरत होत्या आणि उत्तरांऐवजी मुलांचे शब्द टिपत होत्या. ‘आठच्या पुढे पण नऊच्या आधी’, ‘एका घराचे परत दहा’, ‘०.८१ च्या पुढे अजून चिरता येईल का?’ अशी वाक्ये त्या पानावर आहेत. आठ साधनतंत्रांच्या यादीत ‘दैनंदिन निरीक्षण’ पहिले आहे आणि नोंदवहीत ते सर्वांत दुर्लक्षित असते. त्याचा खरा अर्थ अशा पानात सापडतो.

वह्या परत देताना त्यांनी आणखी एक बदल केला. या घटकापुरते गुण आणि शेरा एकत्र देणे त्यांनी बंद केले. ०.६७ लिहिणाऱ्या मुलीच्या वहीत लाल रेघ नव्हती. ‘दोन्ही तुकडे पट्टीवर दाखव आणि मग तुझे उत्तर तपास’ एवढेच लिहिले होते आणि खाली दोन ओळी कोऱ्या सोडल्या होत्या. इस्राएलमधील रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्यांना फक्त शेरे मिळाले त्या मुलांचे काम सुधारले, आणि ज्यांना गुण व शेरे दोन्ही मिळाले त्यांना तसा फायदा झाला नाही, असे आढळले होते. मुले आधी गुण पाहतात, मग शेजारच्याचे गुण पाहतात आणि शेरा तसाच राहतो, हे कळायला खरे तर प्रयोगाचीही गरज नाही.

मुख्याध्यापकांची हरकत येथे नोंदवायलाच हवी, कारण ती बिनबुडाची नव्हती. नियतकालिक मूल्यांकन चाचणी जवळ आलेली होती, अभ्यासक्रम मागे पडत होता आणि एका जोडीतील लहान-मोठेपणासाठी तीन-चार तासिका घालवणे त्यांना परवडणारे वाटत नव्हते. शिक्षिकांनी उत्तर दिले ते तत्त्वाच्या भाषेत नव्हे. पुढे दशांशांचा गुणाकार-भागाकार आहे, मग शेकडेवारी आहे. १६ मुले आज ज्या समजुतीवर उभी आहेत तिच्यावर यांपैकी काहीही टिकणार नाही, आणि तेव्हा हाच वेळ दुप्पट द्यावा लागेल, असे त्यांनी ढीग समोर ठेवून सांगितले. परवानगी मिळाली ती त्या ढिगांमुळे. गुणांचा तक्ता दाखवला असता तर मुख्याध्यापकांनी ‘एवढे चांगले गुण आहेत, मग कशाला?’ असेच विचारले असते.

आठवड्याने दुसरी चिठ्ठी घेतली. जोड्या नव्या होत्या आणि त्यांत ०.४ आणि ०.३७५ ही तीन अंकी जोडी मुद्दाम घातली होती, म्हणजे ‘पैशांसारखे दोन अंक करा’ या युक्तीवर अवलंबून असलेले मूल अडखळले असते. पहिल्या दोन ढिगांतील बहुतेक मुले आता बरोबर होती आणि कारणांत पट्टीचा किंवा ‘दहाव्या भागाचा दहावा भाग’ याचा उल्लेख होता. तीन मुलांचे मात्र काहीच जमले नव्हते. शिक्षिकांनी त्यांना जवळ बसवून एकेकट्याने विचारले तेव्हा कळले की अडचण दशांशाची नव्हतीच. एक भागिले दहा आणि एक भागिले शंभर यांत मोठे कोणते, हेच त्यांना सांगता येत नव्हते. त्यांच्यासाठी तिसरी-चौथीच्या अपूर्णांकांपासून, सकाळी परिपाठाआधीच्या वेळात वेगळे काम सुरू झाले. हे प्रकरण लिहिताना ते काम अर्धवटच आहे आणि त्यांपैकी एका मुलाच्या गैरहजेरीमुळे ते लांबते आहे.

राहिला प्रश्न नोंदवहीतल्या नऊ गुणांचा. शिक्षिकांनी ते खोडले नाहीत. चाचणी झाली तेव्हा त्या प्रश्नांची उत्तरे मुलीने बरोबर दिली होती, म्हणून गुण तिचेच आहेत, असे त्यांचे म्हणणे आहे. दुसऱ्या चिठ्ठीलाही त्यांनी गुण दिले नाहीत. गुण मिळणार नाहीत या भरवशावर मुलांनी मनातले लिहिले होते, तो भरवसा मोडला तर तिसऱ्या चिठ्ठीत मुले शेजारच्याचे पाहून लिहितील, ही त्यांची भीती रास्त आहे. माझे मत थोडे वेगळे आहे. आकारिक मूल्यमापनाचा भार सहावीला निम्मा असताना, जी चाचणी काही मोजतच नाही असे सिद्ध झाले तिचे गुण वार्षिक निकालात तसेच राहू देणे योग्य वाटत नाही. सर्वांचीच ती चाचणी बाद करून नव्याने घेता आली असती आणि त्याने कोणावरही अन्याय झाला नसता. वर्णनात्मक नोंदीत मात्र त्यांनी तयार वाक्य वापरले नाही. त्या मुलीच्या नावापुढे लिहिले आहे: ‘वेगवेगळ्या अंकसंख्येच्या दशांश संख्यांची तुलना आता संख्यारेषेच्या आधारे करते, वजाबाकीची मांडणी करताना अजून अंक उजवीकडून जुळवते, लक्ष ठेवणे.’ पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला या दोन ओळींतून जे मिळेल ते श्रेणीतून मिळणार नाही.

शिक्षिकांच्या कामात झालेला टिकाऊ बदल चाचणी काढण्यापूर्वीचा आहे. आता त्या प्रश्नपत्रिका तयार झाल्यावर ती एकदा स्वतः सोडवतात, पण चुकीची समजूत असलेले मूल जसे सोडवील तशी. त्या समजुतीनेही पूर्ण गुण मिळत असतील तर प्रश्न बदलतात. गुणाकाराच्या चाचणीत त्यांनी आधी ३.२ गुणिले ४ आणि १.५ गुणिले २.५ अशी उदाहरणे घेतली होती. गुणाकाराने संख्या नेहमी वाढते असे मानणाऱ्या मुलाला ती सर्व बरोबर येतात, हे लक्षात आल्यावर त्यांतले एक काढून त्यांनी नवा प्रश्न घातला: ‘८ गुणिले ०.४ चे उत्तर ८ पेक्षा मोठे येईल की लहान? उदाहरण न सोडवता सांगा आणि कारण लिहा.’